मोटर फ्लेमप्रूफ आहे, पंपाचे काय?

ज्वालाग्राही द्रव आणि वायू हाताळणाऱ्या पंपांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. साखर कारखान्यांच्या आसवनी, सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट (हेक्झेन या ज्वालाग्राही द्रावकाने तेल काढणारे कारखाने), बायोगॅस प्रकल्प अशी ठिकाणे निरनिराळी असली, तरी बहुतेक पत्रलेखक एक गोष्ट धरूनच चालले आहेत, ती म्हणजे प्रमाणपत्र असलेली फ्लेमप्रूफ मोटर (आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर जाऊ न देणाऱ्या कवचाची मोटर) आणली की पंप सुरक्षित झाला. हे अर्धेच खरे असल्याने निवडक प्रश्नांची उत्तरे थोडी सविस्तर देत आहोत.

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत साठवण टाक्यांपासून टँकर भरण्याच्या जागेपर्यंत इथेनॉल नेणारे जुने सेंट्रिफ्यूगल पंप बदलायचे आहेत. पुरवठादाराने ७.५ किलोवॉटची फ्लेमप्रूफ मोटर आणि तिचे प्रमाणपत्र दिले असून ‘बाकी काही लागत नाही’ असे त्याचे म्हणणे आहे. पंप बसवताना आम्ही नेमके काय पाहावे?
– एक अभियंता, सांगली जिल्हा

उत्तर : पुरवठादाराने दिलेले प्रमाणपत्र मोटरचे आहे, पंपाचे नाही, आणि आपल्या संचात अनपेक्षित उष्णता किंवा ठिणगी निर्माण होऊ शकेल अशा जागा मोटरपेक्षा पंपाकडे अधिक आहेत.

आधी जागेचा विचार करू. जिथे स्फोटक वाफ सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून असण्याची शक्यता असते तो झोन १, आणि केवळ बिघाड झाल्यास व तीही थोडाच वेळ असेल तो झोन २. आपल्या आसवनीचा क्षेत्रवर्गीकरण आराखडा असणारच. तो कपाटातून काढून नवा पंप प्रत्यक्षात जिथे बसणार आहे ती जागा त्यावर दाखवा, कारण पंप चार मीटर सरकला तरी झोन बदलू शकतो. वायूची ज्वाला किती अरुंद फटीतून पार होते यावरून वायुगट ठरतात; इथेनॉलचा समावेश आयआयबी या वायुगटात होतो आणि तापमानवर्गाच्या दृष्टीने ते टी२ मध्ये, म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सियसच्या आत ठेवावा लागणाऱ्या पदार्थांत मोडते. तेव्हा नेमप्लेटवर ‘एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी’ (Ex db IIB T4 Gb) अशी नोंद असलेली मोटर (टी४ म्हणजे टी२ पेक्षाही कडक, १३५ अंशांची मर्यादा) झोन १ साठी पुरेशी आहे. मात्र नेमप्लेटवरील सभोवतालच्या तापमानाची मर्यादा अवश्य वाचा. वेगळी नोंद नसेल तर ती ४० अंशांपर्यंतच धरली जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखालची हवा त्याच्या वर जाणे आपल्याकडे नवलाचे नाही. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ (X) हे अक्षर असेल, तर वापरासाठी काही विशेष अटी घातलेल्या आहेत असा त्याचा अर्थ होतो. त्या अटी मूळ प्रमाणपत्रातच असतात, नेमप्लेटवर नसतात. भारतात अशा विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मान्यतापत्रावरील मॉडेल आणि आलेल्या मोटरवरील मॉडेल एकच आहे ना, एवढी पडताळणी माल उतरवून घेतानाच करावी.

आता मूळ मुद्दा. इथेनॉलचा एक गुणधर्म असा की त्याचा प्रज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळताच वाफ पेटू शकेल असे किमान तापमान) सुमारे १३ अंश असून हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के वाफ असताना ते मिश्रण पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या टाकीत द्रवाच्या वरची जागा नेहमीच्या तापमानाला बहुधा इतक्या दाट वाफेने भरलेली असते, की तिला जळायला पुरेशी हवाच मिळत नाही. इथेनॉलच्या टाकीत मात्र साधारण १३ ते ४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर, द्रवावरचे मिश्रण स्फोटक मर्यादेच्या आतच असते. टाकी तळाशी आली आणि पंप चालूच राहिला, तर हेच मिश्रण पंपाच्या पोटात ओढले जाते. त्या क्षणी पंपाचा अंतर्भाग हीच धोकादायक जागा होते आणि बाहेरच्या मोटरचे प्रमाणपत्र तिथे काहीच करू शकत नाही.

कोरड्या चाललेल्या पंपात पहिल्यांदा तापते ते मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग. सीलच्या दोन घासणाऱ्या चकत्यांमध्ये पंपातल्याच द्रवाचा अतिशय पातळ थर असतो, आणि वंगण व थंडावा दोन्ही त्याच्यावरच अवलंबून असतात. तो थर गेला की चकत्या झपाट्याने तापतात, तडकतात आणि गळतीही सुरू होते. म्हणजे इंधन आणि ठिणगी एकाच जागी येतात. अनेकांना वाटते की अशा वेळी ओव्हरलोड रिले ट्रिप होईल. तसे होत नाही. कोरडा पंप नेहमीपेक्षा कमी करंट ओढतो आणि ओव्हरलोड रिले फक्त जास्त करंटवरच ट्रिप होतो. म्हणून टाकीवर निम्नपातळीचा स्विच आणि स्टार्टरमध्ये कमी भार ओळखणारा पॉवर मॉनिटर, या दोन्ही गोष्टी खरेदीच्या आदेशातच लिहा. शक्य असेल तर एकेरी सीलऐवजी दुहेरी सील घ्यावे आणि दोहोंमधल्या जागेत पंपाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने रोधक द्रव ठेवावा. त्याची पातळी किंवा दाब उतरला की इशारा मिळतो आणि गळती झालीच तर रोधक द्रवाची होते, इथेनॉलची होत नाही. सील नसलेला चुंबकीय पंप (मोटरची गती बंद आवरणातून चुंबकांमार्फत आत पोहोचवणारा) हा पर्याय पुरवठादार सुचवतील. तो चांगला आहे, पण धातूचे आवरण असलेला चुंबकीय पंप कोरडा चालला तर त्याचे आवरणही वेगाने तापते, त्यामुळे त्यालाही वरील संरक्षण हवेच.

दुसरा दुर्लक्षित प्रकार म्हणजे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद असताना चालू राहिलेला पंप. टँकर भरला, नोझल बंद झाले आणि माणूस कागदपत्रांवर सही करायला गेला, की नेमके हेच घडते. पंपात आठ लिटर इथेनॉल आहे आणि तीन किलोवॉट शक्ती त्यात उष्णता म्हणून जिरते आहे असे धरून हिशोब केला, तर तीस अंशांवरचे ते द्रव चार-पाच मिनिटांत अठ्ठ्याहत्तर अंशांच्या उत्कलनबिंदूपाशी पोहोचते. कवचाचे धातू काही उष्णता शोषून घेईल, म्हणून आणखी काही मिनिटे मिळतील, एवढेच. यावर टाकीकडे परत जाणारी किमान प्रवाहाची वेगळी नळी हाच खात्रीचा उपाय आहे. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिले तर बाहेरून ठिणगी मिळण्याचीही गरज उरत नाही. कोंडलेल्या द्रवाच्या दाबानेच कवच फुटू शकते.

यांत्रिक भागांसाठीही स्वतंत्र मानके आहेत. आयएसओ ८००७९ या मालिकेतील ३६ व ३७ हे भाग विजेवर न चालणाऱ्या उपकरणांसाठी असून, युरोपात २०१४/३४/ईयू या निर्देशानुसार पंपासारख्या यांत्रिक उपकरणालाही धोकादायक क्षेत्रासाठी स्वतंत्र मूल्यांकन लागते. आपल्याकडील पंप-उत्पादक निर्यातीसाठी अशी कागदपत्रे तयार करतात; ती देशातल्या ग्राहकानेही मागावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पंपाच्या पृष्ठभागाचे तापमान आतल्या द्रवाच्या तापमानावर ठरत असल्याने, कोणत्या तापमानाच्या द्रवासाठी कोणता तापमानवर्ग लागू होतो हेही त्या कागदांत पाहता येते.

बसवणीत बरेचसे काम फिटरच्या हाताचे असते आणि तिथली घाई पुढे बेअरिंगमधून बाहेर पडते. सेंट्रिफ्यूगल पंपाचा पाया संचाच्या वजनाच्या किमान तिप्पट वजनाचा असावा, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. बेसप्लेटखाली न आकसणारे ग्राउट पोकळी न राहता भरले गेले पाहिजे; वरून हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ते काम पुन्हा करावे. पाइपचा ताण पंपावर येतो की नाही हे पाहण्यासाठी कपलिंगवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावा आणि फ्लँजचे बोल्ट आवळा, शाफ्ट ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाइपच्या आधारांत दोष आहे. तो दोष पाइप पुन्हा बांधून काढायचा असतो, बोल्ट ओढून काढायचा नसतो. सक्शनची नळी सरळ आणि आखूड ठेवा. तिथला रिड्यूसर (नळीचा व्यास कमी करणारा जोड) एका बाजूने सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा, म्हणजे वाफेचे बुडबुडे साचणार नाहीत. मोटरची फिरण्याची दिशा कपलिंग जोडण्यापूर्वीच तपासावी. ज्या पंपांत इंपेलर (द्रव ढकलणारे फिरते चाक) आट्यांवर बसवलेला असतो, तिथे उलट फिरणाऱ्या मोटरमुळे इंपेलर सुटतो आणि कवचावर घासतो. कपलिंगचा गार्ड पितळेचा असावा. अॅल्युमिनियमचा हलका गार्ड स्वस्त पडतो, पण गंजलेल्या पोलादावर अॅल्युमिनियम आदळले तर अतिशय उष्ण ठिणग्या पडतात.

विजेच्या जोडणीत वायरमनला आवर्जून सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. फ्लेमप्रूफ पेटी आतला स्फोट होऊच देत नाही असे नाही. झाकणाच्या सांध्यातल्या अरुंद, लांब फटीतून बाहेर पडताना ज्वाला थंड व्हावी अशी तिची रचना असते. म्हणून त्या सांध्यावर रंग नको, खरवडणे नको, पावसापासून बचाव म्हणून घातलेले रबरी पॅकिंगही नको. उत्पादकाने सांगितलेले न सुकणारे ग्रीस तेवढे लावावे. सगळे बोल्ट जागेवर आणि मूळ प्रतीचेच हवेत. आयआयबी गटासाठी त्या सांध्यासमोर तीस मिलिमीटरच्या आत भिंत, ब्रॅकेट किंवा पाइप येऊ देऊ नये. केबल ग्लँडही (केबल पेटीत शिरते तिथला जोड) फ्लेमप्रूफ आणि केबलच्या व्यासाचाच असला पाहिजे, आणि न वापरलेल्या छिद्राला प्रमाणित धातूचा प्लगच बसवला पाहिजे. मालासोबत आलेली प्लास्टिकची टोपी फक्त वाहतुकीपुरती असते. मोटरच्या कवचाला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या द्या, बेसप्लेट आणि पाइपलाइन त्यांना जोडा, आणि टँकरला अर्थिंगचा क्लँप लागल्याखेरीज पंप सुरूच होणार नाही असे इंटरलॉक ठेवा.

झोनच्या रेषेबाहेर काही घडणार नाही, असेही मानू नका. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये पेट्रोल पाठवण्याची तयारी सुरू असताना गळती झाली. ती तासाहून अधिक काळ चालू राहिली आणि वाफेचा ढग आवारभर पसरून पेटला. त्यात अकरा जणांचा मृत्यू झाला. चौकशी समितीने प्रज्वलनाची शक्यता दर्शवली ती प्रशासकीय इमारतीतील साध्या विद्युत उपकरणांकडे किंवा सुरू केलेल्या वाहनाकडे, म्हणजे जिथे फ्लेमप्रूफ उपकरणांची अपेक्षाच नव्हती अशा ठिकाणांकडे. आपल्या पंपापुरता यातून निघणारा बोध असा की सक्शन लाइनवर दुरून बंद करता येणारा व्हॉल्व्ह हवा, आणि त्याचे बटण पंपापासून दूर, निघून जाण्याच्या वाटेवर हवे.

प्रश्न : आमच्या सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेनच्या टाक्या जमिनीखाली आहेत. पंप जमिनीवर असताना सक्शन मिळत नव्हते, म्हणून तो सुमारे तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्ड्यात उतरवला. आता पंप उत्तम चालतो. पावसासाठी खड्ड्यावर छप्पर व झाकण करावे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : झाकण करू नका, त्याआधी पंप खड्ड्यात ठेवण्याचाच पुनर्विचार करा. सक्शन न मिळण्याचे कारण समजण्यासारखे आहे. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळते आणि चाळीस अंशांना त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या एक-तृतीयांशाहून अधिक असतो. त्यामुळे वर ओढताना ते नळीतच उकळू लागते. खड्ड्याने ती अडचण सोडवली, पण तिच्या जागी दुसरी आणली.

हेक्झेनची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते आणि हवेत तिचे प्रमाण १.१ टक्क्याच्या आसपास गेले की मिश्रण पेटू शकते. एक लिटर हेक्झेन सांडून त्याची वाफ झाली तर जवळजवळ १९० लिटर वाफ मिळते, आणि तेवढी वाफ सतरा घनमीटर हवा स्फोटक करायला पुरते. आपला खड्डा अठरा घनमीटरचा आहे. सीलमधून थेंब थेंब गळलेले एक लिटर द्रव रात्रपाळीत कोणाच्या लक्षातही येणार नाही. याच कारणाने, जमिनीवरचा परिसर झोन २ असला तरी त्यातला वायुवीजन नसलेला खड्डा झोन १ धरला जातो, आणि झोन २ साठी घेतलेली उपकरणे तिथे चालत नाहीत. हेक्झेनसाठी टी३, म्हणजे २०० अंशांची मर्यादा लागते, हेही मोटरच्या नेमप्लेटवर पाहून घ्या.

चांगला उपाय म्हणजे उभा पंप : इंपेलर टाकीतल्या द्रवात बुडालेला आणि मोटर जमिनीच्या वर, मोकळ्या हवेत. अशा पंपाच्या खालच्या बेअरिंगला द्रवाचेच वंगण मिळत असल्याने टाकीतील किमान पातळीचे इंटरलॉक तिथेही अनिवार्य आहे, आणि टाकीच्या आतला भाग झोन ० असल्याने पंपाचा तो भाग त्या योग्यतेचा असल्याचे उत्पादकाकडून लेखी घ्या. हेक्झेन ज्या टाकीत परत येते तिथले कंडेन्सर तपासणेही फायद्याचे ठरेल. द्रव पाच-सात अंशांनी थंड परतले तर सक्शनची निम्मी तक्रार आपोआप मिटते.

बदल होईपर्यंत खड्डा उघडाच ठेवा. पावसासाठी उंचावर, चारही बाजूंनी मोकळे छप्पर चालेल. खड्ड्यातील हवा तळाजवळून ओढणारा, योग्य प्रमाणपत्राचा एक्झॉस्ट बसवा. वर लावलेला पंखा वरची स्वच्छ हवाच फिरवत बसतो. वायुशोधकाचा सेन्सरही तळापासून वीतभर उंचीवर असावा. खड्ड्यातले पावसाचे पाणी सांडपाण्याच्या गटारात सोडू नका, कारण पाण्यावर तरंगणारे हेक्झेन त्याच वाटेने आवाराबाहेर जाईल. आणि खड्ड्यात उतरणे ही बंदिस्त जागेत शिरण्याची बाब आहे. हवेची तपासणी, कमरपट्टा आणि वर उभा असलेला माणूस याशिवाय कोणी खाली जाऊ नये.

हेक्झेन विजेचे वाहक नाही, हेही ध्यानात घ्या. नळीतून वेगाने वाहताना त्यात स्थिर विद्युतभार साठतो. रिकाम्या टाकीत भरताना नळीचे तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा आणि द्रव वरून धारेने पडू देऊ नये.

प्रश्न : आमच्या दूध संघाच्या बायोगॅस प्रकल्पात डायजेस्टरमधील शेणाची स्लरी उपसण्यासाठी विहिरीवर वापरतो तसा सबमर्सिबल पंप सोडला तर चालेल का? पंप पाण्यात बुडालेला असल्याने ठिणगीचा प्रश्न येत नाही, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे.
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : चालणार नाही. मिस्त्रींचे म्हणणे पंप बुडालेला असेपर्यंतच खरे आहे, आणि पंपाचे काम तर पातळी खाली आणण्याचेच आहे. स्लरीची पातळी उतरली की तापलेली मोटर आणि केबलचा जोड उघड्या वायूत येतात. धोकादायक क्षेत्रासाठीच्या बऱ्याच सबमर्सिबल पंपांच्या प्रमाणपत्रांतही पंप सतत बुडालेला राहावा अशी अट असते, आणि त्यासाठी किमान पातळीला पंप बंद करणारी स्वतंत्र यंत्रणा लागते.

बायोगॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असते आणि हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असताना पेटते. बंद डायजेस्टरमध्ये हवा नसल्याने तिथले मिश्रण पेट घेण्याच्या मर्यादेच्या वर असते, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे काही होत नाही. मात्र झाकण उघडताना किंवा स्लरी उपसताना हवा आत शिरते आणि मिश्रण नेमके त्या धोक्याच्या टप्प्यातून जाते. शिवाय त्यातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या जोडण्या खातो, आणि माणसाला तर तो क्षणात बेशुद्ध करतो.

माझ्या मते पंप डायजेस्टरबाहेर, मोकळ्या हवेत, स्लरीच्या पातळीखाली राहील अशा उंचीवर बसवावा. पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह ठेवावेत, म्हणजे चोंदलेला पंप काढण्यासाठी टाकी उघडावी लागणार नाही.

प्रश्न : फ्लेमप्रूफ मोटर जळाल्यास ती गावातल्या नेहमीच्या वर्कशॉपमधून रिवाइंड करून घेता येते का?
– एक देखभाल पर्यवेक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : वाइंडिंग कोणीही करील, पण मोटर फ्लेमप्रूफ राहिली याची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न आहे. दुरुस्तीसाठी आयईसी ६००७९-१९ हे वेगळे मानक आहे. मूळ तारेची जाडी, वेढे आणि इन्सुलेशनचा वर्ग बदलला की मोटरचे तापमान बदलते आणि नेमप्लेटवरचा टी४ निरर्थक होतो. जुनी वाइंडिंग जाळून काढताना कवच वाकते, बेअरिंगची जागा लेथवर घेताना सांध्याची फट वाढते. ही मोजमापे घेऊन मूळ नकाशाशी ताडून पाहणारी आणि तसा लेखी अहवाल देणारी कार्यशाळाच निवडावी. तसे शक्य नसेल तर ती मोटर पाण्याच्या पंपाला लावा, नेमप्लेट काढून.

प्रश्न : दोन पंपांपैकी एक दुरुस्तीसाठी उघडताना स्टार्टरचे फ्यूज काढून ठेवणे पुरेसे आहे का?
– तेच देखभाल पर्यवेक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : पुरेसे नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ जणांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेची सुरुवात अशाच पंपांच्या जोडीपासून झाली. दोन कंडेन्सेट (नैसर्गिक वायूतून निघणारे हलके द्रव इंधन) पंपांपैकी एकाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती आंधळी फ्लँज (नळीचे तोंड बंद करणारी चकती) लावली होती. पंपाच्या देखभालीचा परवाना एक आणि व्हॉल्व्हचा दुसरा होता, व ते एकत्र ठेवलेले नव्हते. रात्री चालू पंप बंद पडला, रात्रपाळीला व्हॉल्व्ह काढल्याचे ठाऊक नव्हते, त्यांनी दुसरा पंप सुरू केला आणि त्या फ्लँजमधून वायू सुटला.

फ्यूज कोणीही परत घालू शकतो. आयसोलेटरला (वीजपुरवठा पूर्ण तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्या फिटरच्या खिशात राहू द्या. सक्शन व डिलिव्हरी दोन्हीकडे केवळ व्हॉल्व्ह बंद न करता ब्लाइंड (नळी पूर्ण बंद करणारी चकती) घाला, पंप रिकामा करून नायट्रोजनने धुऊन घ्या, वायुमापकाने तपासा आणि मगच उघडा. त्या पंपाशी संबंधित सगळे परवाने एकाच फलकावर, पंपाच्या क्रमांकाखाली लावा. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या प्रमुखांनी त्या फलकासमोर उभे राहून वहीत सही करावी. कुलूप काढण्यापूर्वी ब्लाइंडची संख्या मोजून घ्या, आणि अर्थिंगची पट्टी व कपलिंगचा गार्ड परत जागेवर आल्याची नोंद त्याच परवान्यावर करा.